बोलक्या बाहुलीची घडण

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी आमच्या नववीच्या वर्गाने एक आजोबा तयार केले. डोके फोमचे, वर कापडाचे आवरण, पांढऱ्या सुतळीच्या मिशा. पडदा वर गेला, आजोबा बोलू लागले आणि सभागृहात हशा पिकला. परंतु तो पिकावयाचा होता तेथे नव्हे. आवाज पुढे निघून जाई आणि तोंड मागाहून उघडे. एकदा तर ते उघडले ते मिटलेच नाही. विद्यार्थी हिरमुसले. दुसऱ्या दिवशी आम्ही ते डोके उसवले, त्याच्या चुका वहीत उतरविल्या आणि नवे डोके करावयास घेतले. त्या वहीवरूनच हे चार शब्द लिहीत आहे.

माझे बालपण सावंतवाडीकडे गेले. जवळच कुडाळ तालुक्यात पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाचे कलावंत कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या कला पिढ्यान्‌पिढ्या चालवीत आले आहेत. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्या लाकडी बाहुलीचे हातपाय सूत्रावर हलतात. शब्द मात्र तिला सूत्रधार पुरवितो. ओठ हलवून बोलणाऱ्या बाहुलीची गोष्ट वेगळी. यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव आणि त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी ‘झपाटलेला’ या १९९३ च्या चित्रपटासाठी घडविलेला तात्या विंचू मराठी घरांना परिचित आहेत. अशा बाहुलीचा सारा जीव तिच्या जबड्यात असतो. आमच्या आजोबांचे बिघडले होते तेही नेमके तेच.

प्रथम फोमविषयी. गाद्या आणि सोफे भरण्याचा हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. दुकानात तो ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे सांगून मागतात. एक घनमीटर फोमचे वजन सुमारे तितके किलोग्रॅम, असा त्या आकड्याचा अर्थ. आपणांस अर्धा इंच जाडीचा तक्ता पुरतो. सोफा शिवणाऱ्या कारागिराकडे कातरकाम पडलेले असते. विनंती केल्यास ते बहुधा फुकटही मिळते. तुकडा मुठीत आवळून सोडावा. तो तत्काळ पूर्ववत् झाला तर घ्यावा. पिवळा पडून बोटांस भुकटी लागत असेल तर घेऊ नये.

सपाट तक्त्यापासून वाटोळे डोके कसे व्हावे? भूगोलाच्या तासाला आपण जो पृथ्वीचा गोल पाहतो त्यावरील नकाशा अखंड कागदाचा नसतो. संत्र्याच्या फोडीसारख्या, दोन्ही टोकांस निमुळत्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटविलेल्या असतात. येथेही तीच युक्ती. डोक्याचा घेर २२ इंच हवा असल्यास चार फोडी कापाव्या. प्रत्येकीची मधली रुंदी घेराचा चौथा हिस्सा, म्हणजे साडेपाच इंच. उंची घेराच्या निम्मी, म्हणजे ११ इंच. मानेसाठी खालची टोके छाटावी. पाते नवे असावे आणि उभे धरावे. बोथट पात्याने फोम दबतो, कड तिरकी होते आणि मग सांधा जुळत नाही.

आमची पहिली चूक डिंकाची. सुतारकामाचा पांढरा डिंक आम्ही सढळ हाताने लावला. फोमने तो पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी सांधा ओलाच होता आणि वाळला तेव्हा जबड्याची कड पापडासारखी कडक झालेली. तोंड मिटेना ते त्यामुळे. चपला दुरुस्त करणारे वापरतात ते रबरी सोल्यूशन येथे योग्य. दोन्ही कडांना पातळ थर द्यावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबावे आणि मग कडा दाबाव्या. एकदा दाबल्यावर दुरुस्तीस वाव नाही. या सोल्यूशनची वाफ डोक्यात चढते व ती पेटही घेते. म्हणून खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ वडीलधारे माणूस हवे. फोमही झपाट्याने जळतो व त्याचा धूर विषारी असतो. २४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीतील आगीत आपल्या शहराने २२ विद्यार्थी गमावले. तेव्हा बाहुल्यांच्या रंगमंचाजवळ समई नको, हे सुरतकरांना अधिक सांगावयास नको.

जबड्यासाठी जाड पुठ्ठ्याचे दोन अर्धगोल घ्यावे, मध्ये किंचित फट ठेवून त्यांवर कापडाची पट्टी चिकटवावी, झाली बिजागरी. समोरच्या फोडीत आडवा छेद देऊन हे तोंड त्यात बसवावे. वरच्या अर्धगोलामागे चार बोटांसाठी, खालच्यामागे अंगठ्यासाठी पट्टा लावावा. बोलताना आपले वरचे डोके स्थिर राहते आणि खालचा जबडा हलतो. बाहुलीचेही तसेच, हलवावयाचा तो अंगठा.

आता कापड. सुरतेत कापडाला काय तोटा, असे आम्हांस वाटले. मुलांनी घरोघरच्या साड्यांचे तुकडे आणले, आणि आजोबांच्या गालांवर सुरकुत्यांऐवजी चक्क घड्या पडल्या! ज्यांचे वडील मागावर काम करतात त्या मुलांनीच कारण ओळखले. साडीचे कापड ताण्या-बाण्याचे. त्यातील धागे सरळ, म्हणून ते गोलाईवर ताणले जात नाही, आणि कापलेल्या कडेचे दोरे सुटतात. फ्लीस हेही पॉलिस्टरचेच, परंतु ते स्वेटरप्रमाणे फासाफासांनी गुंफलेले असते व वरून त्याची लव उठविलेली असते. ते ताणते, त्याची कड सुटत नाही आणि लवेत टाका लपतो. एका मुलीने नाशिकच्या मामांचे जुने फ्लीसचे जाकीट आणले आणि काम निभावले.

फ्लीस आडवे व उभे ओढून पाहावे. अधिक ताणते ती दिशा डोक्याभोवती आडवी यावी आणि लव वरून खाली वळावी. कापडाच्या फोडी फोमच्या मापाहून किंचित लहान कापाव्या, म्हणजे आवरण तट्ट बसते. शिवण हाती, लहान बखियाची. मग सुईच्या टोकाने लव वर ओढावी, शिवण दिसेनाशी होते.

डोळ्यांसाठी टेबल-टेनिसचा चेंडू अर्धा कापावा. जिम हेन्सन या अमेरिकन कलावंताने १९५५ साली आपला प्रसिद्ध कर्मिट आईच्या टाकाऊ कोटाच्या कापडातून आणि अशाच चेंडूच्या डोळ्यांनी केला होता. बुबुळे अगदी मध्यावर नकोत; नाकाकडे किंचित सरकवावी, नाहीतर बाहुली शून्यात पाहते. आधी टाचणीने लावून दहा पावलांवरून पाहावे, मगच चिकटवावी.

इतके होऊनही नवे आजोबा अडखळू लागले! येथे मात्र दोष व्याकरणाचा होता. प्रत्येक उच्चारास तोंड एकदा उघडावे, असे मी सांगितले होते; मुलांनी अक्षरे मोजली. ‘कमल’ लिहिताना तीन अक्षरे, पण आपण म्हणतो क-मल्; तोंड दोनदाच उघडते. ‘शाळेत’चेही तसेच. मोजावे ते कानाने. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. तेथे ओठ मिटलेच पाहिजेत. वर्णांची स्थाने पाठ करावयाचा कंटाळा करणारे विद्यार्थी त्या आठवड्यात आरशासमोर उभे राहून ‘बाबा’, ‘मामा’ म्हणत होते. घरी कोकणी बोलणाऱ्या मलाही त्या आरशाने माझे दोन-तीन उच्चार दाखवून दिले. ते कोणते, हे येथे सांगत नाही.

पिंगुळीची लाकडी बाहुली आजोबांकडून नातवाकडे जाते. फोमची जाणार नाही. ऊन आणि आपल्याकडील दमट हवा यांनी तो काही वर्षांत भुगा होतो. म्हणून बाहुली सुती पिशवीत, उन्हाआड ठेवावी आणि कागदी नमुने निराळे जपावे. आमचे नमुने मापांसह नववीच्या कपाटात एका पाकिटात आहेत. त्यातील नाकाचा तुकडा कोणीतरी नेला आहे. त्याने तो सुट्टीपूर्वी परत आणून द्यावा.