विमानतळाला गुण कोण देतो?

अमुक विमानतळ सेवेत सर्वोत्तम ठरला, अशा जाहिराती आपण नेहमी वाचतो. पण हे गुण कोण देतो आणि कुणाला विचारून देतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

एअरपोर्ट्स कौन्सिल इंटरनॅशनल ही विमानतळ चालवणाऱ्यांचीच जागतिक संघटना. तिची सेवा-गुणवत्ता पाहणी २००६ पासून चालू आहे. विमानात चढण्यापूर्वी गेटजवळ बसलेल्या प्रवाशाला प्रश्नावली दिली जाते. रांग, कर्मचाऱ्यांचे सौजन्य, स्वच्छतागृह अशा बाबींना एक ते पाच गुण द्यायचे. त्यांची सरासरी म्हणजे विमानतळाची प्रतिष्ठा!

२००६ मध्येच मुंबई आणि दिल्लीचे विमानतळ खासगी कंपन्यांकडे गेले. तेव्हा करारात सेवेची मोजमापे लिहिली गेली. विमानाचे इंजिन बंद झाल्यापासून पहिली बॅग १० मिनिटांत आणि शेवटची ३० मिनिटांत मिळाली पाहिजे, हे त्यातलेच. असे कलम मला मोलाचे वाटते, कारण घड्याळ कुणाची मर्जी राखत नाही. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे करारानंतर तब्बल १८ वर्षांनी, सरकारी सुरक्षा यंत्रणेला सात विमान कंपन्यांना त्याची आठवण करून द्यावी लागली.

त्याच महिन्यात न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या ८० वर्षांच्या एका वृद्धाला व्हीलचेअर मिळाली नाही. एकच आली, तीत पत्नी बसली. दुसरीची वाट न पाहता ते सोबत चालत निघाले, कोसळले आणि दगावले. विमान कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. पण गेटजवळच्या प्रश्नावलीत हा माणूस कुठे आहे? ती तर निघणाऱ्या प्रवाशाला विचारते. हजार समाधानी प्रवाशांच्या सरासरीत एक जीव दशांशातही दिसत नाही.

आणि जिच्या कष्टामुळे स्वच्छतागृहाला पाच गुण मिळतात, ती कंत्राटी सफाई कामगार? ती कोणत्या वस्तीतून येते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तिचा पगार वेळेवर होतो का, तिला बसायला जागा आहे का, हे त्या प्रश्नावलीत नाही. कंत्राटदाराने वेतन बुडवले तर मूळ मालकाने ते द्यावे, हे तत्त्व १९७० पासून आपल्या कायद्यात आहे. ते पाळले जाते की नाही, हे मोजणे अवघड नाही. इच्छा हवी!

विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण कायदा, २००८ च्या कलम १३ नुसार सेवेच्या ठरलेल्या दर्जावर देखरेख ठेवणे हे प्राधिकरणाचे काम आहे. तिकिटातून वसूल होणारे शुल्कही हेच प्राधिकरण ठरवते. तेव्हा मागणी साधी आहे. बॅगेची मिनिटे जाहीर करा. व्हीलचेअरसाठी सर्वांत जास्त थांबलेल्या माणसाची वेळ जाहीर करा, सरासरी नको. आणि सफाई कामगारांच्या वेतनाचा हिशेब त्याच अहवालात छापा. ज्याला सर्वांत कमी मिळाले त्याच्यापासून मोजायला सुरुवात करा. मग खुशाल गुण द्या.