नव्या शिक्षिकेचा उत्साह कुठे जातो?

डी.एड. करून, टीईटी पास होऊन मुलगी शाळेत रुजू होते, तेव्हा घरात मिठाई वाटली जाते. सहा महिन्यांनी तीच मुलगी सकाळी तयार होताना गप्प असते. घरचे म्हणतात, पगार कमी आहे म्हणून असेल.

कमी आहे, हे खरेच. महाराष्ट्रात नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक असतो. प्राथमिक शाळेत २०२३ पासून महिना १६,००० रुपये मानधन मिळते. आधी ते ६,००० होते. पण हा आकडा रुजू होतानाच माहीत असतो. मन खचते ते वेगळ्या गोष्टींनी.

वर्ग कोणता, तास किती, हे कोणी नीट सांगत नाही. ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी, अशी इतरांना नको असलेली कामे नव्याच्या गळ्यात पडतात. चुकले की मुलांसमोर बोलणी. चांगले केले तर एक शब्द नाही. सेवा कायम होईपर्यंत 'नाही' म्हणायची हिंमत नसते. मग नवे काही करून पाहणेच थांबते, आणि नुकसान वर्गातल्या मुलांचे होते.

मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी वेळापत्रक हाती द्यावे, एक अनुभवी सहकारी सोबत द्यावा, चूक एकांतात सांगावी, शाबासकी सर्वांसमोर द्यावी. याला पैसा लागत नाही.

आणि आपण घरच्यांनी 'नशिबाने नोकरी मिळाली, सहन कर' एवढ्यावरच थांबू नये. रोज विचारावे, 'बेटा, आज वर्गात काय शिकवलंस?'