‘कोबाल्ट ब्लू’मधला ‘तू’

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ साली मौज प्रकाशनाने छापली. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट येतो. घरातला तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते आणि पुढे तो तिलाही सोडतो. त्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही.

कादंबरीचा पहिला भाग तनयचा. तो त्या निघून गेलेल्याशीच बोलतो, ‘तू’ म्हणून. इथे मराठी व्याकरण मोठं काम करतं. ‘तू चित्र काढलंस’ यात काढणारा पुरुष की स्त्री, हे कळत नाही. पण ‘तू आलास’ म्हटलं की काही झाकता येत नाही. बोलणाराही ‘मी गेलो’ म्हणणारा. म्हणजे मराठी वाचकाला हे प्रेम कोणाचं कोणावर, हे क्रियापदच सांगून टाकतं; वेगळ्या कबुलीची गरज पडत नाही. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली आला. इंग्रजीतल्या ‘यू’ला ही सोय नाही, तिथे वाचकाला संदर्भावरून ओळखावं लागतं. (२०२२च्या चित्रपटात कथा कोचीला गेली, पडद्यावर तर माणूस समोरच दिसतो.)

अनुजाचा भाग रोजनिशीचा. तिच्यासाठी तो ‘तो’ आहे. ती त्याच्याविषयी बोलते, तनय अजून त्याच्याशी. मला हा फरक कथानकापेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

कारण कुटुंब दुःखाची दखल कशी घेतं, ते यातून दिसतं. मुलगी पळून गेली, परत आली: यासाठी आपल्या घरांकडे शब्द तयार असतात. राग, लाज, काळजी, तिच्या लग्नाची घाई, सगळं ठरलेलं. घर तिच्याभोवती गोळा होतं, ते तिला नकोसं असलं तरी. तनयचंही तितकंच गेलेलं असतं, पण त्याला रडायला घरात जागा नाही. गंमत अशी की, आपल्याकडे पहारा मुलीवर असतो. मुलगा भाडेकरूच्या खोलीत तासन्‌तास बसला तर कोणाच्या मनातही काही येत नाही. ज्या बेफिकिरीने त्याला मोकळीक दिली, तिनेच पुढे त्याचं दुःख अदृश्य केलं. तेव्हा ‘तू’खेरीज बोलायला त्याला उरतंच कोण?