गडावर किती माणसे, हे वाडीला ठरवू द्या

पावसाळ्यातल्या रविवारी मळवली स्टेशनात लोकल रिकामी होते आणि भाजे गावातून लोहगड-विसापूरकडे माणसांची रीघ लागते. जुलै २०२३ मध्ये लोहगडाच्या पायऱ्यांवर इतकी दाटी झाली की चढणाऱ्यांना वर जाता येईना आणि उतरणाऱ्यांना खाली येता येईना. लोक तासन्‌तास दरवाजांत अडकून पडले. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा जीव गेला. अशा दुर्घटनांनंतर बंदीचे आदेश निघतात आणि पर्यटकांच्या बेशिस्तीवर चर्चा होते. बेशिस्त आहेच. पण शिस्तीचे धडे देऊन मावळचे डोंगर वाचतील, असे मला वाटत नाही. एका दिवशी किती माणसांनी वर जावे आणि त्यांच्या पैशातून काय व्हावे, हे ठरवण्याचा अधिकार पायथ्याच्या गावांकडे नाही. दुखणे तिथे आहे.

आधी डोंगराची बाजू पाहू. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि इथल्या कातळावर मातीचा थर जेमतेम असतो. ती माती गवत आणि कारवी धरून ठेवतात. वाटेत चिखल झाला की माणसे कडेने चालतात, कडेचे गवत मरते, वाट रुंदावते. पुढच्या पावसात तिचाच ओहोळ होतो. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. नव्या रोपांचे ते पहिले पावसाळे तुडवले गेले, तर त्या उतारावरची एक पिढीच जाते. राजमाचीच्या काजव्यांचेही तसेच आहे. मेअखेरीस ते प्रकाशाच्या खुणांनी जोडीदार शोधतात. विजेऱ्यांच्या आणि गाड्यांच्या दिव्यांत त्या खुणा हरवतात, आणि पालापाचोळ्यातल्या अळ्या पायाखाली चिरडल्या जातात. शंभर सभ्य माणसांचे ओझे डोंगर सोसतो. पाच हजारांचे, ती कितीही सभ्य असली तरी, सोसत नाही. म्हणून आपला कचरा परत नेणारा ट्रेकर चांगलाच, पण तेवढ्याने भागत नाही. आकड्याचा विचार करावाच लागतो.

आकडा घटला तर गावाचे उत्पन्न बुडेल, ही भीती रास्त आहे. मात्र कोणता पर्यटक गावात काय ठेवून जातो, हेही पाहायला हवे. सकाळी गाडीने येऊन, घरचा डबा खाऊन संध्याकाळी परतणारा फार तर पार्किंगचे आणि चहा-भज्यांचे पैसे देतो. राजमाचीच्या पोटाशी असलेल्या उधेवाडीत मुक्काम करणारा दोन वेळचे पिठले-भाकरीचे जेवण घेतो, निजायला जागा घेतो, वाटाड्याची मजुरी देतो. ते पैसे घराघरांत जातात. म्हणजे गर्दी निम्मी झाली तरी कमाई निम्मी होईलच असे नाही. मुक्काम वाढला आणि शनिवार-रविवारचा भार आठवड्यावर पसरला, तर ती वाढूही शकते. जोखमीचा भार मात्र आजही स्थानिकच उचलतात. कुणी कड्यावर अडकले की लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र पथक दोर घेऊन निघते, आणि रात्री-अपरात्री वाट दाखवायला वाडीतलीच माणसे सोबत जातात.

शहरासाठी या मुलखाने आजवर पुष्कळ दिले आहे. वळवण आणि शिरवत्याच्या तलावांवर १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले आणि मुंबईला वीज मिळाली. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. पवनेच्या जलवाहिनीला विरोध करताना ऑगस्ट २०११ मध्ये तीन शेतकरी गोळीबारात गेले. पाणी, वीज, जमीन असे सारे आधी ठरले आणि मग गावाला कळले. पर्यटनातही तीच रीत चालू ठेवणे मला अन्याय्य वाटते.

दुसरी रीत महाराष्ट्रात वापरून झाली आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर परिसरातल्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आणि वनखाते मिळून फुलांचा हंगाम चालवतात. दिवसाला तीन हजारांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, शुल्क, आणि राखणीला गावचीच माणसे. तिथेही चूक झाली. पठाराला कुंपण घातल्यावर चराई थांबली, गवत माजून फुलांची जागा घेऊ लागले, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आणि पुढे कुंपण काढावे लागले. गुरे राखणाऱ्याला पठार ठाऊक असते. त्याला आधी विचारले असते तर हा फेरा टळला असता.

यावर दोन आक्षेप येतात. गड सर्वांचे आहेत, मग मर्यादा आणि पैसे कशाला? गड सर्वांचेच आहेत, म्हणून मर्यादा किमतीने घालू नये, संख्येने घालावी: शुल्क नाममात्र, विद्यार्थ्यांना माफ, आणि नोंदणी आधी येईल त्याची. महाग तिकीट लावून गरीब मुलांना गडाबाहेर ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे. दुसरा आक्षेप असा की, गावसमिती म्हणजे चार पुढाऱ्यांची मक्तेदारी होईल. ती शक्यता खरीच आहे. तिच्यावर इलाज म्हणजे जमाखर्च दरवर्षी ग्रामसभेत वाचणे आणि वाटाड्यांची, मुक्कामाच्या घरांची पाळी लावणे. पाळी लावायला गावकऱ्यांना कुणी शिकवायला नको. पाटाचे पाणी आणि जत्रेची कामे अशीच वाटली जातात.

जुलै २०२५ मध्ये लोहगड इतर अकरा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यामुळे गर्दी वाढेल, नियोजनाच्या बैठकाही होतील. त्या बैठकांत लोहगडवाडी, भाजे आणि पाटणच्या लोकांना निव्वळ मत विचारायला बोलावू नये. पावसाळ्यातल्या रविवारचा आकडा त्यांच्या संमतीने ठरावा, आणि गडावरच्या तिकिटातला ठरलेला वाटा वाट दुरुस्तीसाठी, टाक्यांच्या सफाईसाठी आणि राखणदारांच्या पगारासाठी थेट गावाच्या खात्यात यावा.