मुंबई की पुणे? विद्यापीठाच्या ‘किमती’बद्दलचे चार गैरसमज

मुंबई विद्यापीठाची पदवी पैशाच्या दृष्टीने फायद्याची, की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची? बारावीच्या निकालानंतर हा प्रश्न अनेक घरांत निघतो. दोन्ही सार्वजनिक विद्यापीठं, म्हणून तुलना सोपी वाटते. पण खर्च आणि परतावा ठरतो तो कॉलेज, अभ्यासक्रम आणि प्रवेशाचा प्रकार यांवर.

गैरसमज १ : सार्वजनिक विद्यापीठ, म्हणजे फी कमीच.
वस्तुस्थिती : पदवी विद्यापीठ देतं, फीची पावती कॉलेज फाडतं. एकाच विद्यापीठाला शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजं संलग्न असतात. एकाच कॉलेजात बीकॉम अनुदानित आणि बीएमएस विनाअनुदानित असू शकतं. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तीही कॉलेजागणिक वेगळी. त्यामुळे एकाच विद्यापीठाच्या दोन कॉलेजांतली तफावत दोन विद्यापीठांतल्या तफावतीहून मोठी निघू शकते.

गैरसमज २ : जुन्या विद्यापीठाच्या पदवीला भाव जास्त.
वस्तुस्थिती : मुंबई विद्यापीठ १८५७चं, पुण्याचं १९४९चं. पण ज्यांच्यामुळे या विद्यापीठांचं नाव झालं, त्यांतल्या काही संस्था आता त्यांच्या छत्राखाली नाहीत. माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, २००८मध्ये आयसीटी या नावाने अभिमत विद्यापीठ झाली. पुण्याचं सीओईपी हे अभियांत्रिकी कॉलेज २०२२मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांचं यश आजच्या संलग्न कॉलेजाच्या खात्यावर जमा होत नाही.

गैरसमज ३ : एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत दिसणारा पगार सगळ्यांना मिळतो.
वस्तुस्थिती : तो आकडा सरासरी नसून मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) असतो, आणि तोही फक्त नोकरी लागलेल्यांचा. समजा, १०० जणांपैकी २० जणांनाच नोकरी लागली, तर आकडा त्या २० जणांपुरताच. पुढे शिकायला गेलेले वेगळे मोजले जातात. शिवाय संलग्न कॉलेजं या क्रमवारीत स्वतंत्रपणे उतरतात. म्हणून विद्यापीठाच्या नावापुढचा पगार ठाण्याच्या किंवा नाशिकच्या कॉलेजाला लावणं चूक.

गैरसमज ४ : मुलींना शिक्षण मोफत, मग कुठेही घ्या प्रवेश.
वस्तुस्थिती : राज्य सरकारची २०२४-२५पासूनची सवलत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कापुरती आहे. ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना लागू होते. प्रवेशही कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) झालेला लागतो. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती मिळत नाही. खोलीभाडं, मेस आणि प्रवास यांचा खर्च या सवलतीत येत नाही.

मग हिशेब कसा करायचा? वर्षाच्या फीतून मिळणारी सवलत वजा करा, राहण्या-जेवणाचा खर्च मिळवा, वर्षांनी गुणा आणि कर्ज काढणार असाल तर व्याज जोडा. डोंबिवलीत घर असलेल्या मुलाला पुण्यात फी थोडी कमी लागली, तरी हॉस्टेलचा खर्च ती बचत खाऊन टाकू शकतो. चिंचवडच्या मुलीला मुंबईत हेच उलट लागू होईल. दुसऱ्या बाजूला कॉलेजाला तीन गोष्टी विचारा : त्याच अभ्यासक्रमाला गेल्या वर्षी किती जण शेवटच्या वर्षात होते, त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती होता. सर्वाधिक पॅकेजचा फलक कितीही मोठा असो, हे तीन आकडे मिळत नसतील तर त्या फलकावर कर्ज काढू नका.