नाव आपलं, जाहिरात दुसऱ्याची: गूगलवरच्या बोलीचा वाद काय आहे?

घर बदलायचं ठरलं की आपण मोबाईल काढतो आणि ऐकलेल्या कंपनीचं नाव गूगलवर टाकतो. सगळ्यात वर येते ती जाहिरात, आणि ती भलत्याच कंपनीची असू शकते. घाईत आपण तिथेच बोट ठेवतो. मग सामान कुणाच्या ट्रकमध्ये चढलं, हे नंतर कळतं.

हे होतं कसं? जाहिरातदार गूगलकडे ठरावीक शब्दांवर बोली लावतात. या शब्दांना ‘कीवर्ड’ म्हणतात. कुणी तो शब्द शोधला की जाहिरात दिसते आणि क्लिक झालं की जाहिरातदाराचे पैसे कापले जातात. हा शब्द दुसऱ्याच्या दुकानाचं नावही असू शकतो! जाहिरातीच्या मजकुरात ते नाव कुठेच नसतं, म्हणून ग्राहकाला पत्ता लागत नाही. उलट खऱ्या मालकालाच आपल्या नावावर बोली लावत बसावं लागतं. हा प्रकार आम्हाला तरी अन्यायाचा वाटतो.

‘अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ या नावाची मालक डीआरएस लॉजिस्टिक्स ही कंपनी याच तक्रारीने दिल्ली हायकोर्टात गेली. गूगलचं म्हणणं असं की कीवर्ड कुणाला दिसतच नाही, मग तो ट्रेडमार्कचा ‘वापर’ कसा? १० ऑगस्ट २०२३ ला खंडपीठाने हे अमान्य केलं. कीवर्ड म्हणून वापर हाही जाहिरातीतला वापरच आहे, आणि गूगल यात नुसता बघ्या नाही, असं कोर्टाने म्हटलं. जाहिरातीने ट्रेडमार्कचा भंग होत असेल तर आयटी कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण गूगलला मिळणार नाही.

पण नुसती बोली लावली म्हणजे भंग झाला, असंही नाही. ग्राहकाची फसगत होते का, हे बघावं लागतं. म्हणूनच त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेकमायट्रिपला त्याच कोर्टात दिलासा मिळाला नाही. बुकिंग डॉट कॉम स्वतःच इतकी नावाजलेली की गोंधळ होणं कठीण, असं कोर्टाला वाटलं.

आणखी एक अडचण आहे. २००९ मध्ये भारत मॅट्रिमनीची मालक कंपनी मद्रास हायकोर्टात गेली होती. तिथे तिला हवी तशी अंतरिम मनाई मिळाली नाही, कारण ‘भारत’, ‘मॅट्रिमनी’ हे सगळ्यांच्या वापरातले शब्द. आपल्याकडेही ‘निकाह’, ‘हलाल’, ‘उमराह’ अशा शब्दांवर दुकानं उभी राहतात. अशा शब्दांवर एकट्याचा हक्क सांगणं अवघडच.

नाव वेगळं असेल तर ट्रेडमार्क नोंदवून घ्या. नोंदणी १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण करता येतं. कुणी आपल्या नावावर जाहिरात करत असेल तर तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. गूगलकडे तक्रार केल्यास जाहिरातीच्या मजकुरातलं नाव काढलं जाऊ शकतं, पण त्यावरची बोली गूगल थांबवत नाही. त्यासाठी कोर्टच गाठावं लागतं. आणि ग्राहक म्हणून बोट ठेवण्याआधी ‘प्रायोजित’ हा शब्द दिसतो का आणि खालचा वेबपत्ता कुणाचा, एवढं बघाच.