वाटाण्याच्या दाण्यावरील सुरकुती

दहावीचा निकाल लागला म्हणजे पुष्कळ पालक एकच प्रश्न घेऊन आम्हांकडे येतात: मुलानें गणित घ्यावें कीं जीवशास्त्र? गणित आवडतें त्यानें इंजिनिअर व्हावें, जीवशास्त्र आवडतें त्यानें डॉक्टर व्हावें, आणि ज्यास दोन्ही आवडतात त्यानें एक सोडून द्यावें, अशी जणूं वांटणीच होऊन बसली आहे. ही वांटणी ज्ञानाच्या राज्यांत चालत नाहीं, हें वाटाण्याच्या एका दाण्यावरून दाखवावें असा आमचा हेतु आहे.

ब्रून नगरांत, ज्यास आज ब्रनो म्हणतात व जें चेक प्रजासत्ताकांत आहे, तेथील ख्रिस्ती मठांत ग्रेगोर मेंडेल हे संन्यासी राहत होते. १८५० सालीं ते शिक्षकाच्या परीक्षेंत अनुत्तीर्ण झाले. तेव्हां मठानें त्यांस व्हिएन्ना विद्यापीठांत धाडलें. तेथें त्यांनीं वनस्पतिशास्त्राबरोबर पदार्थविज्ञान व गणित यांचाहि अभ्यास केला. परत आल्यावर मठाच्या बागेंत त्यांनीं गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढींत सर्व दाणे गोल निघाले; दुसऱ्या पिढींत सुरकुती पुन्हां प्रकट झाली. एवढें कोणत्याहि चाणाक्ष माळ्याच्या ध्यानांत आलें असतें. मेंडेल यांनीं दाणे मोजले. गोल ५,४७४ भरले व सुरकुतलेले १,८५०. म्हणजे जवळजवळ तिनास एक. या प्रमाणांतून आनुवंशिकतेचा नियम हातीं आला. १८६५ सालीं त्यांनीं तो सभेपुढें वाचला, १८६६ सालीं छापला. परंतु त्याचें महत्त्व जगास १९०० सालीं कळलें, आणि मेंडेल तर १८८४ सालींच निवर्तले होते.

परंतु सुरकुती पडते तरी कां? याचें उत्तर १९९० सालीं मिळालें. प्रत्येक पेशींत डी.एन.ए. नामक द्रव्य असतें. तो जणूं चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेला एक प्रचंड ग्रंथ होय. आणि जनुक म्हणजे त्यांतील एक आज्ञा. गोल वाटाण्यांत पिष्टाच्या कणांस फांद्या फोडणारें एक प्रथिन घडविण्याची आज्ञा असते. सुरकुतलेल्या वाटाण्यांत त्याच आज्ञेच्या मध्यें सुमारें ८०० अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला आढळला. आज्ञा बिघडल्यानें पिष्ट कमी होतें व साखर अधिक राहते. साखर पाणी ओढून घेते, दाणा फुगतो, आणि वाळला म्हणजे त्याची साल सुरकुतते. असे जागा बदलणारे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक या विदुषींनीं पूर्वींच मक्यांत शोधिले होते. त्याबद्दल त्यांस १९८३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

वाटाण्याच्या या ग्रंथांत सुमारें ४४५ कोटी अक्षरें आहेत. मनुष्याच्या ग्रंथाहूनहि तो मोठा. दर सेकंदास एक अक्षर याप्रमाणें अहोरात्र वाचीत बसल्यास १४० वर्षें पुरणार नाहींत. म्हणून हें वाचन संगणकाकडे सोंपवावें लागतें, आणि काय शोधावयाचें तें गणितानें ठरवावें लागतें. या विद्येस जैवमाहितीशास्त्र म्हणतात.

तिची रीत आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. संत एकनाथांनीं १५८४ सालीं ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. पवित्र शास्त्राच्या प्राचीन हस्तलिखितांवर विद्वानांनीं असेच श्रम केले आहेत. दोन प्रतींत एकच विशिष्ट चूक आढळली, तर त्या बहुधा एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या असें आपण समजतों. वनस्पतींच्या जनुकांचेंहि तसेंच आहे. वाटाणा, भात, मका यांचीं अक्षरें ओळीखालीं ओळ मांडून साम्य व भेद मोजले म्हणजे त्यांची वंशावळ उलगडते. कित्येकदां असेंहि दिसतें कीं, पूर्वीं एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या. एकीनें जुनें काम चालविलें व दुसरी हळूहळू नव्या कामास लागली.

या विद्येचा पाया घालणाऱ्यांत मार्गारेट डेहॉफ या अमेरिकन विदुषींचें नांव अग्रगण्य आहे. त्यांची पदवी गणिताची. रसायनशास्त्रांत डॉक्टरेट मिळवून त्यांनीं १९६५ सालीं सहकाऱ्यांसह ६५ प्रथिनांच्या रचनांचा संग्रह प्रसिद्ध केला. पुढें अशा संग्रहांवरच सर्व तुलना उभी राहिली. आणि मेंडेल यांनीं निवडलेल्या सात लक्षणांपैकीं उरलेल्या तिहींचीं जनुकें २०२५ सालीं, वाटाण्याचे सुमारें ७०० वाण तपासून, चिनी व इंग्रज संशोधकांनीं प्रसिद्ध केलीं. सभेंतील त्या वाचनास तेव्हां १६० वर्षें झालीं होतीं.

पालकहो, हा मार्ग लांबचा आहे हें आम्ही लपवीत नाहीं. पदवी, पदव्युत्तर अभ्यास, मग कित्येक वर्षांचें संशोधन. कमाई उशिरा, व कीर्तीची खात्री नाहीं. तरी तो आपल्या दारापासून दूर नाहीं. पुणें विद्यापीठांत या शास्त्राचें केंद्र १९८७ सालींच स्थापन झालें. दुष्काळांत तग धरणारें, रोगास न जुमानणारें पीक हवें असेल, तर असें बळ कोणत्या जनुकांत आहे हें आधीं वाचतां आलें पाहिजे. आणि त्या वाचनावर शेतकऱ्याची भाकर अवलंबून आहे.

म्हणून ज्या मुलास बागेंत रमावेंसें वाटतें व हिशेबहि गोड लागतो, त्याच्या हातून यांपैकीं एक पाटी काढून घेऊं नका. देवाच्या सृष्टींतील लहानसा दाणा निरखून पाहणें ही भक्ति आहे; आणि तो प्रामाणिकपणें मोजणें हीहि भक्तीच आहे.